छायाचित्राला धार केव्हा द्यावी?

शार्पनिंग न केलेली रॉ फाइल संगणकावर पाहिली की नवख्या छायाचित्रकाराचा हिरमोड होतो. त्याच क्षणाचे जेपेग छायाचित्र रेखीव दिसते; रॉ मात्र मऊ वाटते. कारण सोपे आहे. जेपेग तयार करताना कॅमेरा स्वतःच शार्पनिंग करतो, रॉमध्ये ते काम छायाचित्रकाराकडे येते.

या मऊपणाचे मूळ सेन्सरमध्ये आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत कोडॅकचे शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांची रंगगाळण्यांची रचना वापरली जाते. तिचे अमेरिकी पेटंट १९७६ मधील आहे. तिच्यात निम्मे बिंदू हिरवा, तर प्रत्येकी एक चतुर्थांश बिंदू लाल व निळा प्रकाश नोंदवितात. उरलेले रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने भरले जातात आणि त्यात कडा सौम्य होतात.

शार्पनिंगमुळे नवा तपशील निर्माण होत नाही. कडेची उजळ बाजू अधिक उजळ व गडद बाजू अधिक गडद केली जाते, एवढेच. त्यामुळे फोकस चुकलेले छायाचित्र त्याने सावरत नाही. उलट अतिरेक झाल्यास कडांभोवती पांढरी प्रभावळ उमटते.

हे काम एकदाच न करता तीन टप्प्यांत करावे, ही पद्धत ब्रूस फ्रेझर (निधन २००६) यांच्या लेखनातून रूढ झाली.

पहिला टप्पा : रॉ संस्करणाच्या वेळी. आधी नॉइज कमी करावा, अन्यथा शार्पनिंगमुळे तोही ठळक होतो. छायाचित्र १०० टक्के आकारात पाहून, कमी त्रिज्या ठेवून हलके शार्पनिंग करावे. मास्किंगच्या साहाय्याने आकाश व त्वचा वगळावी.

दुसरा टप्पा : रंग व प्रकाश जुळविल्यानंतर. डोळे, दागिने, कापडाची वीण अशा निवडक भागांपुरताच ब्रश वापरावा.

तिसरा टप्पा : सर्वांत शेवटी, आकार निश्चित झाल्यावर. ६००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र १२०० पिक्सेलवर आणले की मूळ २५ पिक्सेलच्या जागी एकच उरतो व आधीची धार बोथट होते. माध्यमही महत्त्वाचे ठरते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून पडद्यावर किंचित अधिक वाटणारे शार्पनिंग छपाईत योग्य दिसते. तेच छायाचित्र संकेतस्थळावर मात्र खरखरीत भासते.

पहिल्या दोन टप्प्यांतील बदल रॉ सॉफ्टवेअरमध्ये केव्हाही मागे घेता येतात. तिसऱ्या टप्प्यानंतर निर्यात झालेल्या जेपेगमध्ये ते पिक्सेलमध्येच मुरलेले असतात. संकेतस्थळासाठी धार दिलेल्या लहान प्रतीवरून पुढे लग्नाच्या अल्बमसाठी १२ बाय १८ इंची छपाई केल्यास प्रभावळही तितकीच मोठी होते. म्हणून रॉ फाइल व तिसरा टप्पा न केलेली पूर्ण आकाराची मूळ प्रत नेहमी जपून ठेवावी आणि प्रत्येक वापरासाठी तिच्यावरून स्वतंत्र प्रत काढावी.