अश्वशक्ती आणि पीळ

मागच्या खेपेला आपण जेम्स वॉटचा घोडा पाहिला: मिनिटाला 33,000 फूट-पौंड काम. गिऱ्हाइकाला घोडेच ठाऊक, म्हणून हे माप. पण त्यातून काम किती वेळात उरकतं एवढंच कळतं. जोर किती लागतो, ते नाही.

आता 1897 सालच्या ऑग्सबुर्गला जाऊ. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची तिथे चाचणी झाली. अश्वशक्ती सुमारे 18, फेरे मिनिटाला दीडशेच्या आसपास. आजच्या एखाद्या मोटरसायकलचीही अश्वशक्ती 18 भरते, पण 8,000 फेऱ्यांना. मग दोन्ही सारखीच का? तर नाही. टॉर्क, म्हणजे दांड्याला बसणारा पीळ. पीळ आणि फेरे यांचा गुणाकार ती अश्वशक्ती. फेरे पन्नासपट कमी, तेव्हा पीळ पन्नासपट जास्त.

गिअर लावून मोटरसायकलचाही पीळ वाढवता येईल, पण फेरे घालवूनच. अश्वशक्ती तेवढीच राहते. डिझेलचं इंजिन मात्र संथ फिरतानाच तो पीळ देतं, म्हणून ते गिरणीत आणि विहिरीवर टिकलं.

तेव्हा इंजिन घेताना आपण ‘अश्वशक्ती किती?’ विचारून थांबू नये. ‘किती फेऱ्यांना?’ हेही विचारावं. अर्धं माप खोटं नसतं, पण त्यावर घेतलेला निर्णय चुकू शकतो.