विद्यापीठ आणि शस्त्रागार

विद्यापीठ हें सत्यशोधनाचें स्थान आणि लष्कर हें आज्ञापालनाचें. तेव्हां सरस्वतीच्या मंदिराचा रणभूमीशीं संबंध कसला, असें सुशिक्षितांसहि सहज वाटतें. द्रोणाचार्यांच्या घरीं मात्र शास्त्र व शस्त्र एकत्रच नांदत होतीं. विसाव्या शतकांत या सहवासास जें रूप आलें, तें पाहावयाचें तर शिकागो विद्यापीठाकडे वळावें.

या विद्यापीठानें १९३९ मध्यें आपला फुटबॉलचा संघ बंद केला होता. त्याच क्रीडांगणाच्या प्रेक्षकमंचाखालीं, स्क्वॅश खेळावयाच्या जागेंत, ता. २ डिसेंबर १९४२ रोजीं एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी यांनीं ग्रॅफाइटच्या विटा व युरेनियम यांची रास रचून अणुविघटनाची स्वतःच चालणारी साखळी प्रथम साध्य केली. पुढील वर्षीं लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेचा कारभार कॅलिफोर्निया विद्यापीठानें करारानें पत्करला. पैसा सरकारचा, हुकूम लष्कराचा आणि विद्या विद्यापीठांची, अशी ही वांटणी होती.

शिकागोच्या या कार्यांत जेम्स फ्रांक हे रसायनविभागाचे प्रमुख होते. पहिल्या महायुद्धांत जर्मनीच्या विषारी वायूच्या कामांत त्यांचा हात होता; आणि १९३३ मध्यें नाझींच्या ज्यूविरोधी धोरणाच्या निषेधार्थ त्यांनीं गॉटिंगेन येथील अध्यापकपद सोडलें होतें. विद्या सत्तेच्या हातीं गेल्यावर काय होतें, हें त्यांस पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. म्हणूनच काम पत्करतांना त्यांनीं अट घातली, कीं बाँब सिद्ध झाल्यास त्याच्या उपयोगाविषयीं आपलें मत वरिष्ठांपुढें मांडतां यावें. जून १९४५ मध्यें त्यांनीं व सहा सहकाऱ्यांनीं निवेदन लिहिलें: पूर्वसूचनेवांचून जपानवर बाँब टाकूं नये; राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर ओसाड प्रदेशांत त्याचें सामर्थ्य दाखवावें; नाहींतर शस्त्रस्पर्धा ओढवेल.

त्याच महिन्यांत सरकारचे सल्लागार ओपेनहायमर, लॉरेन्स, कॉम्प्टन व फर्मी यांनीं प्रत्यक्ष लष्करी उपयोगावांचून स्वीकारार्ह मार्ग दिसत नाहीं, असा अभिप्राय दिला; राजकीय, सामाजिक व लष्करी प्रश्न सोडविण्याची विशेष पात्रता आपणांस नाहीं, असेंहि त्यांतच नमूद केलें. हे चौघेहि विद्यापीठांचेच! ता. ६ ऑगस्ट रोजीं हिरोशिमा उद्ध्वस्त झालें.

लष्करानें या विद्वानांस बळानें ओढून नेलें, असें म्हणतां येत नाहीं. हें अस्त्र हिटलरच्या हातीं आधीं पडेल, या भयानें त्यांतील कित्येक आपण होऊन आले होते. पण मे १९४५ मध्यें जर्मनीनें शरणागति पत्करली, तरी काम थांबलें नाहीं. एकदां संस्था, पैसा व कीर्ति यांची गांठ पडली, म्हणजे मूळ कारण सरलें तरी कार्य चालूच राहतें, हाच यांतील विचार करण्याजोगा भाग होय.

राष्ट्रसंकटीं विद्यापीठानें हात आखडावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु फ्रांक यांची अट आम्हांस फार मोलाची वाटते. त्यांचें म्हणणें मानलें गेलें नाहीं, हें खरें. तथापि तें म्हणण्याचा हक्क त्यांनीं करारापूर्वींच राखून ठेविला होता. आपली विद्या राज्यास देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठानें निदान एवढें तरी राखावें.