ऊसपट्ट्यातील स्त्रिया आणि मोबाइल: श्रीरामपूर परिसराचा आढावा

भारतात दूरध्वनी १८८२ मध्ये सुरू झाला. श्रीरामपूर परिसरातील सर्वसाधारण स्त्रीच्या हाती मात्र फोन आला तो एकविसाव्या शतकात, मोबाइलच्या रूपाने. मधल्या शंभराहून अधिक वर्षांच्या अंतरामागे या भागाची अर्थरचना आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर स्थानकाभोवती श्रीरामपूर वाढले. प्रवरेच्या कालव्यांचे पाणी शिवारात आले, १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि त्या काळात हरेगाव, टिळकनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. लागण, खुरपणी, निंदणी ही शेतातली कामे बायकांनी केली. भाव, पट्टी आणि हिशेब पुरुषांकडे राहिले. दूरध्वनीही हिशेबाच्याच बाजूला, म्हणजे आडत्याच्या पेढीवर, कारखान्याच्या कचेरीत आणि मोजक्या सधन घरांत होता.

१९८४ मध्ये सी-डॉट ही दूरसंचार तंत्रज्ञान विकसित करणारी संस्था स्थापन झाली. तिने विकसित केलेल्या छोट्या एक्स्चेंजमुळे पुढच्या काळात खेड्यांपर्यंत तारा पोचल्या आणि बाजारपेठेच्या गावांत एसटीडी-पीसीओचे बूथ दिसू लागले. माहेरची खुशाली पत्राऐवजी फोनवर कळू लागली. तरीही हा फोन दुसऱ्याच्या दारातला होता. शेजाऱ्याचा क्रमांक ‘पीपी नंबर’ म्हणून दिला जाई. निरोप आला की हाक मारली जाई आणि बोलणे चारचौघांसमोर होई. सासरचा जाच किंवा पैशाची नड अशा फोनवर सांगणे अवघडच होते.

भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या वेळी आलेल्या फोनलाही पैसे पडत. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा आली आणि १ मे २००३ पासून येणारे फोन मोफत झाले. तालुक्याच्या गावांत मोबाइल घरोघरी जाण्यास हा बदल कारणीभूत ठरला. घरातला पहिला मोबाइल बहुधा कर्त्या पुरुषाच्या खिशात असे; जुना झाला की तो बायकोकडे येई. ज्या बाईच्या हाती रिचार्जचे पैसे नसत, तिला मिस्ड कॉल उपयोगी पडे: खूण करायची आणि समोरच्याच्या फोनची वाट पाहायची.

फोन बाईच्या हाती गेल्यावर काय घडते, याची उदाहरणे इतर देशांत दिसतात. बांगलादेशात ग्रामीण बँकेने १९९७ पासून खेड्यांतील स्त्रियांना कर्जाने मोबाइल दिले आणि त्यांनी गावकऱ्यांना पैसे घेऊन फोन करू देण्याचा व्यवसाय केला. घरोघरी फोन आल्यावर तो ओसरला. पण फोन बाईच्या मालकीचा असला की त्यावरच्या कमाईवरही तिला हक्क सांगता येतो, हे त्यातून दिसले. केनियात २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्यामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबे दारिद्र्याबाहेर आली आणि सुमारे १,८५,००० स्त्रिया शेतीकडून व्यवसायाकडे वळल्या.

महाराष्ट्रात स्त्रियांच्या आर्थिक बळाची ही वाट बचत गटांतून गेली. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले, नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्यास सुरुवात केली आणि २०११ मध्ये ‘उमेद’ अभियान आले. सभा घेणे, वर्गणी जमवणे, कर्ज फेडणे, बँकेत जाऊन बोलणे हे बायकांनी मोबाइलच्या आधीच आत्मसात केले होते. मोबाइलने त्या कामाला वेग दिला. सभेचा निरोप सगळ्यांना एकदम जाऊ लागला, पापड-मसाल्याची मागणी फोनवर येऊ लागली. २०१४ च्या जनधन योजनेने अनेकींचे स्वतःचे खाते उघडले, तर २०१६ मध्ये यूपीआय आले.

सरकारी कामामुळेही फोन हाती आला, पण तो ओझ्यासकट. अंगणवाडी सेविकांची रजिस्टरे मोबाइलवर गेली. सदोष फोन आणि पोषण ट्रॅकर या अॅपची इंग्रजी यांविरुद्ध राज्यभरातील सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये फोन परत करण्याचे आंदोलन केले. वापरणाऱ्या बाईची भाषा आणि गरज विचारात न घेता दिलेले यंत्र तिला बळ देत नाही, हे त्यांनी जाहीरपणे मांडले.

ऊसतोडीत मोबाइलची मर्यादा आणखी ठळक दिसते. बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडणी कामगार हंगामात प्रवरेच्या पट्ट्यात येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, सहसा नवरा घेतो. मोबाइलमुळे फडातल्या आईला गावी ठेवलेल्या लेकरांशी बोलता येते, ही मोठीच सोय आहे. पण एवढ्याने तिची मजुरी तिच्या नावावर होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरत असलेला मोबाइल जवळ असलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ४६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४ टक्के झाले. त्याच सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के आढळले. या फरकाचा अर्थ राज्यात अलीकडे व्यवहारात दिसला. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. २०२५ मध्ये ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) सक्तीची झाली, तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला गेला आणि विधवा व एकट्या स्त्रियांची अडचण झाली. पैसे तिच्या नावावर, पण ते मिळण्याची किल्ली दुसऱ्याच्या फोनमध्ये, अशी ही स्थिती होती.

या वाटचालीत मोबाइलने स्त्रीला खाजगीपण, वेग आणि संपर्क दिला. तिचा अधिकार मात्र तिथेच वाढला, जिथे सिमकार्ड तिच्या नावावर होते, खाते ती स्वतः चालवत होती, संदेश तिला मराठीत वाचता येत होता आणि पाठीशी गट होता. यांतले काही जिथे सुटले, तिथे फोन घरात असूनही निर्णय दुसऱ्याकडेच राहिला.