लर्निंगची परीक्षा आणि चार चित्रं

आम्ही वीरच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. गेल्या महिन्यात आमच्यातल्या सहा जणींनी लर्निंग लायसन्सचा अर्ज भरायचं ठरवलं. अर्ज भरायच्या दिवशी आल्या पाचच. सहावी म्हणजे शेजारच्या काकू. त्यांना गाडीची भीती नाही, माहेरी भावाची लूना त्यांनी बांधावरून पळवलेली आहे. त्या म्हणाल्या, "गाडी चालवीन गं, पण परीक्षेला नका नेऊ. सातवीत शाळा सुटली माझी. लेखी म्हटलं की पोटात गोळा येतो."

काकूंच्या घरी स्कूटी आहे. ती चालवणारा मुलगा महाडच्या एमआयडीसीत रात्रपाळीला जातो. पावसाळ्यात नातीला रात्री ताप भरला तेव्हा गाडी दारात उभी होती आणि काकू दुसऱ्याच्या दारात, कुणी नेतं का विचारत. म्हणून आम्ही त्यांचं म्हणणं सोडून दिलं नाही. ही परीक्षा आली कुठून आणि ती नेमकं काय विचारते, ते शोधायला बसलो.

सुरुवात बाईपासूनच आहे. ऑगस्ट 1888 मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याने बनवलेली मोटार, त्याला न सांगता, घेऊन निघाली. सोबत दोन मुलगे. मानहाइमहून फोर्झहाइमला, माहेरी, सुमारे शंभर किलोमीटर. पेट्रोल पंप नव्हतेच, वाटेत इंधन घेतलं औषधाच्या दुकानातून. तिची परीक्षा कुणी घेतली नव्हती. आपल्याकडे मुंबईत 1905 च्या सुमारास सूनी टाटा मोटार चालवत. पण त्या टाटांच्या घरातल्या. आपल्यासारख्यांच्या हाती चाक यायला पुढे बराच काळ जावा लागला.

मोटारी वाढल्या तशी युरोपात एक अडचण आली. एका देशातली गाडी दुसऱ्या देशात शिरली की रस्त्यावरच्या पाट्या ड्रायव्हरला वाचता येईनात. शिकलेसवरलेले लोक, पण भाषा परकी! म्हणून 1909 साली पॅरिसला बरेच देश एकत्र बसले आणि अक्षरांऐवजी चार चित्रं ठरवली: रस्त्यातला उंचवटा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचं फाटक. आज परीक्षेत ज्या खुणा विचारतात, त्यांचं मूळ हे. चिन्हं जन्मालाच आली ती वाचता न येणाऱ्यासाठी. हे आम्ही काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसल्या.

आपल्या देशात 1914 च्या कायद्याने लायसन्स आलं. मग 1939 चा कायदा आणि आता चालू आहे तो 1988 चा, 1 जुलै 1989 पासून लागू झालेला. परीक्षा बराच काळ तोंडी असायची. आमच्यातल्या एकीचे सासरे ट्रक चालवायचे. ते सांगतात, साहेब तक्त्यावर बोट ठेवून विचारायचे, "हे काय?" आणि उत्तर दिलं की पुढे. इंग्लंडमध्ये 1935 ला परीक्षा सक्तीची झाली, तिथेही नियम तोंडीच विचारत, लेखी वेगळी झाली ती थेट 1996 मध्ये. म्हणजे जिला आपण 'लेखी' म्हणून घाबरतो, ती तशी कालची पोर आहे. आणि लेखी म्हणायलाच. लिहायचं काही नसतं. पंधरा प्रश्न, प्रत्येकाखाली उत्तरं दिलेली, बरोबर त्यावर बोट ठेवायचं. नऊ बरोबर आली की पास. भाषा मराठी निवडता येते.

शाळेच्या दाखल्याचं काय? हा घोळ आमच्याही डोक्यात होता. तो असा झाला. आठवी पासची अट होती ती रिक्षा, टेम्पो, ट्रक अशा धंद्याच्या गाड्यांना, घरच्या स्कूटीला नव्हे. धंद्याच्या गाडीचीही अट केंद्राने 2019 मध्ये काढून टाकली. हरियाणातल्या मेवात भागातले लोक ड्रायव्हिंगवरच पोट भरत होते आणि या अटीपायी अडले होते, तिथून ही मागणी आली. आमच्या पट्ट्यात किती बायका मिनिडोरमध्ये दाटीवाटीने बसून जातात! ती चालवायची वाट आता सातवीवालीलाही मोकळी आहे. जून 2023 मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवडहून नीरेला एसटी नेली, तेव्हाचा फोटो आम्ही मोबाईलवर जपून ठेवलाय.

मग अभ्यासाला बसलो. भाजी निवडता निवडता. त्रिकोण म्हणजे सावध करणारी खूण, लाल गोल म्हणजे हुकूम, निळा चौकोन म्हणजे माहिती. उलटा त्रिकोण एकच, समोरच्याला आधी जाऊ द्या. गाडीच्या खुणेत सगळ्या अडकल्या: लाल गोलात एक तिरपी रेघ म्हणजे गाडी उभी करून ठेवू नका, दोन रेघांची फुली म्हणजे क्षणभर थांबूही नका.

घाटाचा प्रश्न आला. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, आधी कोण जाणार? आमच्यातली एक पोलादपूरकडची. पुस्तक न बघता म्हणाली, "चढणारी. आंबेनळीत उतरणारी गाडी बाजूला थांबते, लहानपणापासून बघतेय." कायदाही तेच म्हणतो.

आणि रेल्वे फाटक. माणूस नसलेल्या फाटकाशी काय कराल, हा विषय नियमातच लिहिलेला आहे. उत्तर ऐकून आम्हाला नवल वाटलं: गाडी थांबवायची. सोबत कंडक्टर किंवा क्लीनर असेल तर त्याने पुढे जाऊन दोन्ही बाजू बघायच्या, नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरून बघायचं आणि मगच रूळ ओलांडायचे. ब्रॉडगेजवरची अशी फाटकं 2019 पर्यंत संपली, प्रश्न मात्र राहिलाय. काकू म्हणाल्या, "उतरून बघायचं, एवढंच ना? मग ते आपण रोजच करतो." आमच्या वीरला कोकण रेल्वे आली 1993 ला. रोह्याहून पहिल्यांदा गाडी इथवरच यायची. ते चित्र पॅरिसला ठरल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांनी आमच्या गावाला रूळ मिळाले.

एक कडू गोष्टही सांगतो. जून 2021 पासून आधार वापरून ही परीक्षा घरबसल्या देता येते. पेणच्या आरटीओपर्यंतची खेप वाचते, हे खरंच मोठं आहे. पण आम्हाला एक जण भेटला. म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त कॅमेऱ्याला चेहरा दाखवा, बटणं मी दाबतो." पैसेही सांगितले. आमच्यातल्या दोघी जवळजवळ तयार झाल्या होत्या. काकूच उखडल्या. म्हणाल्या, "अंबेनळीत तो येणारे का बटण दाबायला?"

काकूंची परीक्षा मागल्या मंगळवारी झाली. मधेच रेंज गेली, पुन्हा आली. अकरा बरोबर. आता स्कूटीला मागेपुढे लाल 'एल' लागलाय, आणि मागे बसायचं तर लायसन्सवाल्या शिकवणाऱ्यानेच, म्हणून मुलगा रविवारी बसतो आणि ओरडा खातो. तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. काकूंचे अजून बावीस उरलेत.