भिंतीआडचे ससे

तर मंडळी, या वीकांताचा विषय आहे ससे. इतिहास म्हटलं की लढाया, तह, सनावळ्या... त्यात ससे कुठून आले? पण थांबा, या गोष्टीत सम्राट आहे, बंड आहे आणि एक फाशीसुद्धा आहे.

आधी एक गोंधळ निस्तरून टाकू. आपल्या माळरानावर पायाखालून टुणकन उडी मारून पळतो तो ससा आणि पिंजऱ्यात बसून गाजर कुरतडणारा पांढरा ससा हे एक नव्हेत. इंग्रजीत त्यांना हेअर आणि रॅबिट अशी दोन नावं आहेत, मराठीत मात्र दोघंही ससेच. आपला रानससा एकटा राहतो, बीळ खणत नाही, आणि त्याची पिल्लं केसाळ अंग, उघडे डोळे घेऊनच जन्मतात. रॅबिट मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळं खणून घोळक्यानं राहतो आणि त्याची पिल्लं जन्मतः आंधळी, उघडीनागडी असतात. जगातला प्रत्येक पाळीव ससा या एकाच जातीचा. एकत्र, वसाहत करून पाळता येतो तो हाच.

एका आवारात ससे मोकळे सोडायचे ही कल्पना रोमन लोकांची. त्यांच्या अशा आवाराला 'लेपोरारियम' म्हणत. इ.स.पू. पहिल्या शतकात वॅरो या लेखकानं त्याचं वर्णन केलंय. भिंतीला गिलावा हवा, म्हणजे मांजरासारखे प्राणी चढून येणार नाहीत. आणि ती उंच हवी, म्हणजे लांडगा उडी मारणार नाही. बघा हं, भिंत सशांच्या रक्षणासाठी होती. शेजाऱ्यांच्या रक्षणाचा विचार त्यात कुठेच नव्हता! त्याचं फळही लवकरच दिसलं. प्लिनी लिहितो की बॅलिअरिक बेटांवर सशांनी पिकांची इतकी नासाडी केली, की तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे चक्क सैन्याची मदत मागितली.

यातली खरी मजा १२व्या शतकानंतर इंग्लंडमध्ये सुरू होते. नॉर्मन सरदारांनी ससे तिकडे नेले. कोरड्या उबदार हवेतला हा प्राणी त्या ओल्या थंडीत नाजूक ठरला, बिळं खणणंही त्याला जड जाई. मग माणसंच त्याच्यासाठी भुसभुशीत मातीचे लांबट ढिगारे रचायची. उशीच्या आकाराचे हे ढिगारे तिथल्या माळांवर आजही दिसतात. अशा वसाहतीला 'वॉरन' म्हणत. तिथे एक राखणदार असे. तो चोरांवर नजर ठेवी, हिवाळ्यात चारा टाके, आणि वेळ आली की बिळांच्या तोंडांवर जाळी लावून आत फेरेट सोडी. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा एक लांबट पाळीव प्राणी. थेटफर्डजवळ अशा राखणदाराचं जाड भिंतींचं दुमजली घर अजून उभं आहे. घर कसलं, छोटा किल्लाच!

एवढा बंदोबस्त कशाला? कारण सशाचं मांस आणि कातडं महाग होतं आणि वॉरन ठेवायला राजाची परवानगी लागे. सरदारांना आणि मठांना ती मिळायची. ससे मात्र परवाना बघून चरत नाहीत! ते शेजारच्या कुळांच्या शेतात घुसत, आणि कुळानं ससा मारला तर तो गुन्हा ठरे. म्हणजे नफा मठाच्या खात्यात आणि खर्च शेतकऱ्याच्या. वसाहत स्वस्तात चालत होती याचं मुख्य कारण हेच.

हा हिशोब एक दिवस चुकता झाला. जून १३८१ मध्ये इंग्लंडभर शेतकऱ्यांचं बंड पेटलं, तेव्हा सेंट आल्बन्सच्या लोकांनी मठाविरुद्ध उठाव केला. त्यांनी एक जिवंत ससा पकडला आणि गावातल्या शिक्षेच्या खांबावर टांगला. आता शिकारीचा हक्क आमचा, ही त्याची खूण. मठाधिपतीकडून त्यांनी हक्काची सनदही लिहून घेतली. पण महिन्याभरात बंड चिरडलं गेलं आणि त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला. सनद अर्थातच रद्द!

आता थोडं जीवशास्त्र, नाहीतर पुढचं कळणार नाही. सशाची मादी माजावर यायची वाट बघत बसत नाही, नराशी संग झाला की मगच तिचं बीज सुटतं. महिन्याभरात ती विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. वसाहतीत उतरंडही असते. वरच्या मादीला खोल, सुरक्षित बीळ मिळतं. खालची बिचारी दूर कुठेतरी उथळ बीळ खणते, पिल्लांना दूध पाजायला दिवसातून एकदा जाते आणि तोंड मातीनं बुजवून निघून येते. ताण वाढला की कधी कधी माद्यांचे गर्भ पोटातच विरून जातात. म्हणजे या सिस्टिमला आतून ब्रेक आहे, पण तो लागतो गर्दी झाल्यावर. मोकळी जमीन मिळाली तर ब्रेक लागतोच कशाला?

ती जमीन मिळाली ऑस्ट्रेलियात. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीची हौस म्हणून व्हिक्टोरियातल्या आपल्या इस्टेटीवर इंग्लंडहून २४ ससे मागवले. पन्नासेक वर्षांत त्यांची प्रजा जवळजवळ खंडभर पसरली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं या पसाऱ्याचं मूळ त्याच खेपेपर्यंत नेऊन पोहोचवलंय. मग पश्चिम ऑस्ट्रेलियानं १९०१ ते १९०७ या काळात १,८०० किलोमीटरहून लांब कुंपण घातलं, पण ते पुरं होण्याआधीच ससे पलीकडे पोहोचले होते. गंमत बघा, वॅरोची भिंत सशांना वाचवायला होती आणि ही भिंत सशांपासून वाचायला!

आज कुणी अंगणात ससे एकत्र सोडायचं म्हणालं, तर पहिला सल्ला मिळतो नर वेगळे ठेवा किंवा खच्ची करा, आणि जमिनीखालीसुद्धा जाळी टाका. सल्ला योग्यच आहे. पण दोन हजार वर्षांचा हिशोब मांडला तर एक प्रश्न त्याच्याही आधी विचारायला हवा असं मला वाटतं: भिंतीपलीकडे शेत कोणाचं आहे? सेंट आल्बन्सच्या लोकांना तो कुणी विचारला नव्हता, म्हणून त्यांनी ससा खांबावर टांगला.