डेलिया, पण तो नव्हे!

डेलिया म्हटलं की आजीच्या कुंडीतलं थाळीएवढं फूल आठवतं ना? मलाही तेच आठवतं. आजचा डेलिया मात्र वेगळा आहे. बागेतल्या डेलियाला स्वीडनच्या आंद्रेस डाल यांचं नाव मिळालं, तर आजच्या डेलियाला इंग्लंडमधले औषधविक्रेते आणि वनस्पती-अभ्यासक सॅम्युअल डेल यांचं. मराठीत लिहिताना दोघांची नावं एकच होऊन बसतात. म्हणजे गोंधळ पहिल्याच शब्दापासून सुरू!

आपला डेलिया वाढतो उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरीवर, म्हणजे विस्तीर्ण गवताळ माळांवर. तिकडे त्याला प्रेअरी क्लोव्हर म्हणतात. पण हा खरा क्लोव्हर नव्हे. खरा क्लोव्हर म्हणजे आपल्याकडे जनावरांना घालतात ते बरसीम. त्याच्याशी आणि तूर-हरभऱ्याशी याचं फक्त कूळ जुळतं.

खरं सांगू? या भागाची तयारी करताना मी चार फोटो समोर ठेवले आणि चारही एकाच जातीचे, असं खुशाल ठरवलं. बोटभर कणीस, त्यावर खालून वर उमलत जाणारी जांभळी फुलं, फुलांचं कडं घातल्यासारखं. निघाल्या तीन जाती! तेव्हा वाटलं, हा गोंधळ आधी कुणाकुणाचा झाला असेल ते शोधूया.

सुरुवात होते आंद्रे मिशो या फ्रेंच माणसापासून. १७९५ मध्ये तो इलिनॉय भागात वनस्पती गोळा करत फिरत होता. त्याचा ग्रंथ १८०३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात या झाडांसाठी त्याने एक वेगळा वंशच केला होता. कारण फुलाची रचना विचित्र आहे. एक पाकळी नेहमीसारखी. उरलेल्या चार पाकळ्या मात्र पुंकेसरांच्या नळीवरच, पाच पुंकेसरांच्या मधे मधे उगवलेल्या. म्हणून ग्रीक भाषेतले ‘पाकळी’ आणि ‘पुंकेसर’ हे दोन शब्द जोडून नाव ठेवलं, पेटॅलोस्टेमॉन. डेलियात सहसा नऊ-दहा पुंकेसर, इथे पाच. फरक स्पष्ट वाटत होता.

हे नाव दीडशेहून जास्त वर्षं वापरात होतं. मग आले रुपर्ट बार्नबी. वनस्पतिशास्त्राची पदवी नाही, सगळं स्वतः शिकलेले. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यांनी या सगळ्या नातेवाइकांचे वाळवलेले नमुने शेजारी ठेवून बघितले आणि १९७७ मध्ये जवळजवळ ९०० पानांचा ग्रंथ काढला. त्यांचं म्हणणं असं, की सगळा गट एकत्र पाहिला तर फक्त पुंकेसर मोजून वेगळा वंश करता येत नाही. पेटॅलोस्टेमॉन पुन्हा डेलियात गेला.

आता गंमत ऐका. वंशांमधली भिंत त्यांनी पाडली, पण जातींमधल्या रेषा तशाच ठेवल्या. मग त्या ओळखायच्या कशा?

त्यासाठी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराजवळ जाऊ. तिथे चुनखडीच्या कातळावर मातीचा जेमतेम थर असलेल्या मोकळ्या जागा आहेत. वसंतात चिखल, उन्हाळ्यात तवा. आपले कोकणातले सडे आठवा, फक्त दगड वेगळा. इथे म्युनिकहून आलेले डॉक्टर ऑगस्टिन गॅटिंजर रोगी सांभाळून झाडं गोळा करत. त्यांच्याच नावाची जात म्हणजे डेलिया गॅटिंजेरी. तिचे तांबूस दांडे जमिनीलगत पसरतात, पानात पर्णिका पाच ते सात, कणीस लांबट. तिथेच, जरा ओल टिकते अशा कडेला, डेलिया फोलिओसा. ती सरळ उभी वाढते, आणि तिच्या एकेका पानात वीस-तीस पर्णिका असू शकतात. तिसरी डेलिया परप्युरिया, प्रेअरीवर सगळीकडे भेटणारी. पर्णिका तीन ते सात, अगदी अरुंद. कळीखालच्या निदलांवर दाट लव.

रंगावर मात्र जाऊ नका. परप्युरिया क्वचित पांढरीही फुलते, मग तिच्यात आणि पांढऱ्या डेलिया कँडिडात गोंधळ होतो. म्हणून आधी ठेवण बघायची, मग पर्णिका मोजायच्या आणि शेवटी भिंगातून लव.

एवढी चिकित्सा कशाला? कारण फोलिओसा टेनेसी, अलाबामा आणि इलिनॉय या तीन राज्यांतल्या मोजक्याच जागी उरलीय. १९९१ मध्ये अमेरिकी सरकारने तिला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली घेतलं. परप्युरियाचं बी मात्र बाजारात किलोवारी मिळतं. आता समजा, रस्ता रुंद करण्याआधी पाहणीला गेलेल्या माणसाने लांबूनच ‘जांभळी, नेहमीची’ असं लिहिलं, तर? कायदा कागदावर राहील आणि बुलडोझर पुढे जाईल. कायदा नावाला संरक्षण देतो. नाव चुकलं की झाड उघड्यावर पडतं.

आणि पुरावे तरी कुठे कायमचे असतात? गॅटिंजर यांचा आयुष्यभराचा संग्रह पुढे टेनेसी विद्यापीठाकडे गेला. १९३४ मध्ये तिथे आग लागली आणि तो जळून गेला. कुठल्या कातळावर, कोणत्या तारखेला, काय फुललं होतं, हे सांगणारे कागदच गेले. नंतर ए. जे. शार्प यांनी तो संग्रह पुन्हा उभा केला. पण जळालेला नमुना दुसऱ्यांदा गोळा करता येत नाही. तो दिवस गेलेला असतो, आणि कधी कधी ती जागाही.

ते चार फोटो मी अजून फोनमध्ये ठेवलेत. कालच पुन्हा उघडले आणि यावेळी पर्णिका मोजल्या. बरोबर तीन जाती. दोन मिनिटं लागली.

तुम्हीही पुढच्या वेळी रानफुलाचा फोटो काढाल तेव्हा एक फोटो पानाचा काढा, एक देठाचा, आणि जागा-तारीख लिहून ठेवा. कुणाला कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही. भेटूया पुढच्या भागात!