लाखाची कार्बन चाकं घ्यावीत का? माउंटन सायकलवाल्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचा

गेल्या काही वर्षांत आपल्या तालुक्यांमधल्या पोरांच्या हातात गिअरच्या माउंटन सायकली आल्या. कोणी पोलीस भरतीसाठी दम वाढवायला चालवतो, कोणी स्पर्धेत उतरतो, तर कोणी हौसेने रविवारी घाट चढतो. मोबाईलवर व्हिडिओ बघता बघता मग एक शब्द कानावर पडतो, ‘कार्बन व्हील’. काळीभोर, चकचकीत, वजनाला हलकी चाकं. किंमत विचारली की घरचे गप्प होतात.

नामांकित परदेशी कंपनीची कार्बन चाकांची जोडी आपल्याकडे येईपर्यंत सहज एक लाखाच्या पुढे जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या हिशोबाने एक लाख म्हणजे जवळजवळ १९ क्विंटल सोयाबीन झालं. एवढ्या पैशात नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते समजून घेऊ.

कार्बन चाक म्हणजे नेमकं काय?

चाकातला हब, बेअरिंग, आरे म्हणजे स्पोक हे भाग बहुतेक वेळा नेहमीच्याच धातूचे असतात. फरक असतो तो रिममध्ये. साध्या चाकाची रिम ॲल्युमिनियमची असते. कार्बन रिम मात्र कार्बनच्या बारीक धाग्यांचे थर रेझिनमध्ये बसवून, साच्यात तापवून तयार करतात. त्यामुळे ती हलकी आणि ताठ होते. वळणावर चाक कमी लवतं आणि सायकल लगेच दिशा पकडते. हा फायदा खरा आहे, पण तो जाणवायला सायकलही तशी लागते आणि चालवणाराही.

वजन किती कमी होतं, वेळ किती वाचतो?

चांगल्या ॲल्युमिनियम जोडीच्या तुलनेत कार्बन जोडी साधारण २०० ते ४०० ग्रॅम हलकी असते. आपण ३०० ग्रॅम धरू.

समजा तुमचं वजन ६५ किलो, सायकल १४ किलो आणि सोबत एक लिटर पाणी. एकूण ८० किलो. त्यातून ३०० ग्रॅम कमी झाले तर वजन अर्धा टक्कासुद्धा घटत नाही. एका तासाच्या खड्या चढावर याचा हिशोब १३-१४ सेकंदांचा होतो.

‘फिरणाऱ्या भागाचं वजन दुप्पट मोजायचं’ असं दुकानात सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण ते फक्त वेग वाढवताना. एका लयीत चढ चढताना रिमचे ३०० ग्रॅम आणि पाण्याचे ३०० ग्रॅम सारखेच. पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाणंद रस्त्याने गेलात, तर टायरला चिकटलेला चिखलच यापेक्षा जास्त भरतो.

दगडावर आपटलं तर?

आपल्याकडच्या रस्त्यांवर हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ॲल्युमिनियमची रिम दगडावर जोरात आपटली की तिला पोचा पडतो. चाक आऊट होतं. तालुक्याच्या गावातला मिस्त्री आरे आवळून, थोडं ठोकून आऊट काढून देतो आणि तुम्ही घरी पोचता.

कार्बन रिम वाकत नाही. छोटे-मोठे दणके ती चांगले सोसते, कधी कधी ॲल्युमिनियमपेक्षाही चांगले. पण सोसण्यापलीकडे दणका बसला की तडकते. तडकलेली रिम ठोकून सरळ होत नाही. कार्बन दुरुस्त करणारे खास कारागीर असतात, पण ते गावोगाव मिळत नाहीत. बहुतेक वेळा रिमच बदलावी लागते. तडा गेलेल्या रिमवर घाट उतरणं तर जिवाशी खेळ.

आणखी एक गोष्ट. पंक्चर काढताना लोखंडी पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून टायर उचकटायची आपल्याकडे सवय आहे. कार्बन रिमची कड त्याने उडू शकते. तिला प्लॅस्टिकचेच लिव्हर वापरावे लागतात.

काटा टोचला तर?

बाभळीचा काटा आणि सराटा रिम कशाची आहे ते बघत नाही. लाखाचं चाक असो नाहीतर हजाराचं, पंक्चर टायरला होतं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हेच जगाने पाहिलं. पुरुषांच्या माउंटन बाईक शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक मधेच पंक्चर झालं. चाक बदलून तो पुन्हा निघाला, मागून एकेकाला गाठत गेला आणि सुवर्णपदक जिंकला. त्याच्याकडे अव्वल दर्जाचं सामान होतं, तरी पंक्चर चुकलं नाही. त्याला परत पुढे नेलं ते पायांनी.

काट्यांवर खरा उपाय म्हणजे ट्यूबलेस. टायरमध्ये ट्यूब न घालता सीलंट नावाचा पातळ द्रव टाकतात. बारीक काटा टोचला तर तो द्रव भोकात जाऊन सुकतो आणि हवा थांबते. ट्यूबलेसला चालणारी ॲल्युमिनियमची रिम असेल तर हे तिच्यावरही होतं, त्यासाठी कार्बन लागत नाही. मात्र उन्हाळ्यात सीलंट लवकर आटतं. दोन-तीन महिन्यांनी तपासून पुन्हा भरावं लागतं.

तुमच्या सायकलला बसेल का?

अनेकांचे पैसे इथेच अडकतात. ऑनलाइन ऑर्डर करण्याआधी पुढच्या पाच गोष्टी तपासा.

१. चाकाचा आकार: माउंटन सायकलचं चाक २६, २७.५ किंवा २९ इंची असतं. टायरवर आकडा छापलेला असतो.

२. ब्रेक: माउंटन सायकलच्या आजच्या कार्बन रिम डिस्क ब्रेकसाठीच बनवतात. रिमला रबर घासणारे ब्रेक असतील तर विषयच संपला.

३. ॲक्सल: साध्या सायकलीत पुढे १०० आणि मागे १३५ मिलिमीटरची रुंदी सापडते. नव्या महागड्या सायकलीत ‘बूस्ट’ मापाचं चालतं, म्हणजे पुढे ११० आणि मागे १४८. एकाचं चाक दुसऱ्याला बसत नाही.

४. मागचे दाते: स्वस्त सायकलीत आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. कार्बन चाकांच्या हबवर कॅसेट बसते, आणि तिचेही वेगवेगळे प्रकार आहेत.

५. डिस्क: ती सहा बोल्टची आहे की सेंटरलॉकची, ते बघा.

सायकल १५-२० हजारांची असेल तर यातलं बरंचसं जुळणार नाही. चाकासाठी सायकल बदलावी लागेल.

वॉरंटी आणि सेकंड हँड

काही मोठ्या कंपन्या कार्बन रिमवर आयुष्यभराची वॉरंटी देतात. रिम तडकली तर नवी मिळते. महाग चाकाच्या बाजूने हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. पण ही वॉरंटी बहुतेक ठिकाणी पहिल्या मालकालाच असते आणि बिल लागतं. भारतात त्यांचा अधिकृत विक्रेता आहे का, आणि चाक परदेशी पाठवायचं झालं तर कुरिअर आणि कस्टम ड्यूटी कोण भरणार, हे लेखी विचारून घ्या.

सेकंड हँड चाक स्वस्त दिसतं, पण आतला तडा वरून दिसेलच असं नाही. घ्यायचंच असेल तर टायर आणि आतली टेप काढून उजेडात बघा. आऱ्यांच्या भोकांजवळ बारीक रेघा आहेत का ते तपासा. सुती फडका कडेवरून फिरवा. धागा अडकला तर तिथे काहीतरी गडबड आहे. नाण्याने हळू टकटक करत जा. एखाद्या जागी आवाज एकदम बदलला, तर घेऊ नका.

ॲल्युमिनियमच्या रिमवर कार्बनसारखं दिसणारं स्टिकर लावूनही माल विकला जातो. किंमत फारच कमी असेल तर तिथेच शंका घ्या.

मग पैसे कुठे घालावेत?

पैसे मर्यादित असतील तर हा क्रम धरा:

• चांगलं हेल्मेट. आतल्या लेबलवर ‘ईएन १०७८’ सारखं सुरक्षा मानक असलेलं.

• आपल्या रस्त्याला साजेसे टायर. पकड, पंक्चर आणि वेग यांत टायरने पडणारा फरक रिमपेक्षा जास्त जाणवतो.

• ट्यूबलेस आणि हवेचा योग्य दाब. ट्यूबलेसमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते. दगडांवर पकड सुधारते, हात कमी दुखतात.

• ब्रेक पॅड, चेन आणि हबच्या बेअरिंगची वेळेवर सर्व्हिस.

• हे सगळं झालं आणि चाक जुनंच असेल, तर चांगली डबल वॉल ॲल्युमिनियमची जोडी. ती कार्बनच्या किमतीच्या लहानशा भागात येते.

कार्बन चाकं घ्यावीत तरी कोणी?

सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय माउंटन बाईक स्पर्धेत उतरणारा खेळाडू, ज्याचा क्रमांक काही सेकंदांनी हुकतो, त्याला हा खर्च कामाचा ठरू शकतो. ज्याची सायकल आधीच त्या दर्जाची आहे आणि खिशाला ताण नाही, त्यानेही हौसेने जरूर घ्यावीत. वस्तू चांगली आहे.

बाकीच्यांनी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हे चाक उद्या दगडावर आपटून तडकलं, तर दुसरं घेता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर हप्त्यावर पहिलं घेऊ नका.

पोरगा हट्टाला पेटला असेल तर पालकांनी नुसतं रागावू नये. त्याला वरचा १३ सेकंदांचा हिशोब दाखवा. सहा महिने नेमाने सराव केला आणि खाणं-झोप सांभाळली, तर त्याच चढावर मिनिटं कमी होतील. स्पर्धेत पुढे येऊ लागला की चाकाचा विषय पुन्हा काढता येईल. तोवर त्याला चांगले टायर आणि हेल्मेट घेऊन द्या.